१२३४५६७८९८७६५४३२१ (संख्या)

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी विषम नैसर्गिक संख्या आहे. ती १११११११११ या संख्येचा, म्हणजे नऊ वेळा १ हा अंक लिहून होणाऱ्या संख्येचा, वर्ग आहे. एकपासून नऊपर्यंत चढत जाऊन पुन्हा एकपर्यंत उतरणारी अंकरचना हे तिचे ठळक वैशिष्ट्य होय. डावीकडून व उजवीकडून सारखीच वाचली जात असल्याने तिची गणना पॅलिंड्रोम संख्यांत होते. देवळाली येथील शालेय शिक्षक व गणिती दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अशा संख्यांना ‘अद्भुत डेम्लो संख्या’ असे नाव दिले. त्या मालिकेतील ही नववी संख्या असून सममित अंकरचना टिकवून धरणारी शेवटची संख्याही हीच आहे.

या संख्येच्या गुणधर्मांचे स्थूलमानाने दोन गट पडतात. पहिल्या गटातील गुणधर्म तिच्या दशमान लेखनाशी निगडित आहेत; संख्या दुसऱ्या पद्धतीने लिहिताच ते दिसेनासे होतात. दुसऱ्या गटातील गुणधर्म तिच्या मूळ अवयवांतून येतात आणि लेखनपद्धती कोणतीही असली तरी कायम राहतात. ही संख्या बहुधा पहिल्या गटातील चमत्कृतीसाठी ओळखली जाते; संख्याशास्त्राच्या दृष्टीने मात्र दोन्ही गट व त्यांच्यातील दुवा महत्त्वाचा आहे.

लेखन व वाचन

भारतीय पद्धतीने स्वल्पविराम दिल्यास ही संख्या १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ अशी लिहिली जाते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ (इ.स. ११५०) या ग्रंथात एकंपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. त्यानुसार या संख्येतील सर्वांत डावीकडचा १ हा सतराव्या, म्हणजे ‘मध्य’ या स्थानी येतो. त्यानंतर २ अंत्य, ३ जलधी, ४ शंकू, ५ महापद्म, ६ निखर्व, ७ खर्व आणि ८ अब्ज अशी उतरंड लागते. मधला ९ हा अंक दशकोटीच्या स्थानी असून लीलावतीत त्या स्थानाला ‘अर्बुद’ म्हटले आहे. परार्ध या अंतिम स्थानापासून ही संख्या एका स्थानाने अलीकडे राहते.

इतिहास

चढत्या-उतरत्या अंकांच्या संख्यांचे आकर्षण भारतीय गणितात जुने आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळातील जैन गणिती महावीराचार्य यांनी नवव्या शतकात रचलेल्या ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथात, ज्यांचे उत्तर गळ्यातील हाराप्रमाणे दोन्ही बाजूंनी सारखे दिसते, असे गुणाकार दिले आहेत. त्यांपैकी एक २७९९४६८१ × ४४१ = १२३४५६५४३२१ हा आहे. येथे ४४१ हा २१ चा, तर २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग आहे; आणि २१ × ५२९१ = ११११११. म्हणजे महावीराचार्यांचे हे उत्तर सहा वेळा १ लिहून होणाऱ्या संख्येचा वर्ग, अर्थात आजच्या परिभाषेत सहावी अद्भुत डेम्लो संख्या आहे.

विसाव्या शतकात या संख्यांचा पद्धतशीर अभ्यास कापरेकरांनी केला. त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. त्यांचे शालेय शिक्षण ठाणे येथे व महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. तेथे असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. ही पदवी घेतली. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. १९३० ते १९६२ या काळात ते देवळाली येथे शाळेत शिक्षक होते.

‘डेम्लो’ हे नाव एका रेल्वे स्थानकावरून आले आहे. तत्कालीन जी.आय.पी. रेल्वेवर, मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर असलेल्या या स्थानकावर कापरेकरांना या संख्यांच्या अभ्यासाची कल्पना सुचली. हे स्थानक म्हणजे आजचे डोंबिवली. १९३८ मध्ये ‘द मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात त्यांचा अद्भुत डेम्लो संख्यांवरील लेख प्रसिद्ध झाला. पुढील वर्षी के. आर. गुंजीकर यांच्यासह लिहिलेला डेम्लो संख्यांच्या सिद्धांतावरील लेख मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात आला.

केवळ १ या अंकाने बनलेल्या संख्यांना आज ‘रेप्युनिट’ म्हणतात. हा शब्द अमेरिकी लेखक अल्बर्ट बायलर यांनी १९६० च्या दशकात रूढ केला. त्यामुळे कापरेकरांच्या मूळ लेखनाच्या काळात या संख्यांना हे नाव नव्हते.

अंकरचनेचे कारण

१११११११११ ला त्याच संख्येने नेहमीच्या उभ्या मांडणीने गुणले असता नऊ ओळी मिळतात. प्रत्येक ओळ १११११११११ हीच असते. फक्त ती आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली असते. बेरीज करताना उजवीकडील पहिल्या स्तंभात एकच १ येतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, असे होत नवव्या स्तंभात नऊ १ येतात. त्यानंतर स्तंभांतील एकांची संख्या पुन्हा एकेकाने कमी होते. कोणत्याही स्तंभाची बेरीज ९ पेक्षा अधिक होत नाही, म्हणून एकदाही हातचा घ्यावा लागत नाही. स्तंभांच्या बेरजा जशाच्या तशा उत्तराचे अंक बनतात. संख्येच्या सममितीचे संपूर्ण कारण एवढेच आहे.

बीजगणिताच्या भाषेत हीच गोष्ट अशी मांडता येते : १ पासून क्ष च्या आठव्या घातापर्यंतच्या सर्व घातांच्या बेरजेचा वर्ग केला, तर विस्तारातील सहगुणक अनुक्रमे १, २, ३, …, ८, ९, ८, …, ३, २, १ असे येतात. क्ष च्या जागी १० ठेवल्यास प्रस्तुत संख्या मिळते, तर क्ष च्या जागी १ ठेवल्यास १ + २ + … + ९ + … + २ + १ = ८१ हे सूत्र मिळते. म्हणून या संख्येच्या अंकांची बेरीज ८१, म्हणजे ९ चा वर्ग आहे.

या विस्तारात १० ला विशेष स्थान नाही. दहा किंवा त्याहून मोठा पाया असलेल्या कोणत्याही संख्यालेखन पद्धतीत नऊ एकांच्या संख्येचा वर्ग याच अंकांनी लिहिला जातो. अर्थात प्रत्येक पद्धतीत त्या अंकांचे मूल्य वेगळे असते. पाया लहान झाला की हातचा लवकर येतो. अष्टमान पद्धतीत सात एकांपर्यंतच ही रचना टिकते व वर्ग १२३४५६७६५४३२१ असा येतो. द्विमान पद्धतीत ११ चा वर्ग करतानाच हातचा येतो व उत्तर १००१ होते.

डेम्लो संख्यांची मालिका

पहिल्या नऊ अद्भुत डेम्लो संख्या पुढीलप्रमाणे आहेत :

१ चा वर्ग = १
११ चा वर्ग = १२१
१११ चा वर्ग = १२३२१
११११ चा वर्ग = १२३४३२१
१११११ चा वर्ग = १२३४५४३२१
११११११ चा वर्ग = १२३४५६५४३२१
१११११११ चा वर्ग = १२३४५६७६५४३२१
११११११११ चा वर्ग = १२३४५६७८७६५४३२१
१११११११११ चा वर्ग = १२३४५६७८९८७६५४३२१

‘डेम्लो संख्या’ ही संज्ञा कापरेकरांनी याहून व्यापक अर्थाने वापरली. ज्या संख्येचे तीन भाग पाडता येतात, मधल्या भागात एकच अंक एकदा किंवा अनेकदा येतो, आणि डाव्या व उजव्या भागांची बेरीज त्याच अंकाच्या पुनरावृत्तीने होते, ती डेम्लो संख्या. उदाहरणार्थ, ३४ × ११११ = ३७७७४. येथे डावा भाग ३, उजवा भाग ४, त्यांची बेरीज ७ आणि मध्ये ७७७. प्रस्तुत संख्येत डावा भाग १२३४५६७८, मध्ये ९ व उजवा भाग ८७६५४३२१ आहे; दोन्ही भागांची बेरीज ९९९९९९९९ होते.

मूळ अवयव व विभाजक

१११११११११ चे मूळ अवयव ३ × ३ × ३७ × ३३३६६७ असे आहेत. त्यावरून प्रस्तुत संख्येचे अवयव :

३ × ३ × ३ × ३ × ३७ × ३७ × ३३३६६७ × ३३३६६७

म्हणजे सतरा अंकी असूनही ही संख्या केवळ तीन भिन्न मूळ संख्यांनी बनलेली आहे. ३ हा अवयव चार वेळा आणि इतर दोन अवयव प्रत्येकी दोन वेळा येत असल्याने तिच्या एकूण विभाजकांची संख्या ५ × ३ × ३ = ४५ आहे. ही विषम संख्या आहे, कारण पूर्ण वर्गाचे विभाजक जोडीजोडीने मांडले असता वर्गमूळ एकटे उरते; येथे २२ जोड्या व १११११११११ हे वर्गमूळ मिळून ४५ विभाजक होतात. एकपासून नऊपर्यंतच्या अंकांची बेरीजही ४५ आहे, परंतु तो निव्वळ योगायोग होय. दोहोंत कार्यकारणसंबंध नाही.

१२३४५६७९, १००१००१, ३००३००३, ३७०३७०३७ हेही तिचे विभाजक आहेत. यांपैकी १२३४५६७९ ही संख्या (तिच्यात ८ हा अंक नाही) अंकगणितातील करमणुकीच्या पुस्तकांत स्वतंत्रपणे परिचित आहे, कारण तिला ९ ने गुणल्यास १११११११११ व २७ ने गुणल्यास ३३३३३३३३३ मिळतात. प्रस्तुत संख्या १२३४५६७९ च्या वर्गाच्या ८१ पट आहे.

सर्व विभाजकांची बेरीज १८९५४२७९५९२८२७५७९ येते. त्यातून मूळ संख्या वजा केल्यास उरणारी ६६०८६००६०५१७३२५८ ही बेरीज मूळ संख्येपेक्षा लहान असल्याने ही ‘न्यून’ संख्या ठरते. तिच्यापेक्षा लहान व तिच्याशी सहमूळ असलेल्या नैसर्गिक संख्यांची संख्या (ऑयलर फलनाचे मूल्य) ८००७९८३९९१९९२०१६ आहे.

आवर्ती दशांशांशी संबंध

तीन मूळ अवयवांची निवड आकस्मिक नाही. त्यांचे व्यस्त दशांश रूपात लिहिले असता पुढील चित्र दिसते :

१ ÷ ३ = ०.३३३… (एका अंकाची पुनरावृत्ती)
१ ÷ ३७ = ०.०२७०२७… (तीन अंकांची पुनरावृत्ती)
१ ÷ ३३३६६७ = ०.०००००२९९७०००००२९९७… (नऊ अंकांची पुनरावृत्ती)

आवर्तनाची लांबी १, ३ व ९ आहे. ९ या संख्येचे सर्व विभाजकही हेच आहेत. याचे कारण असे की, एखाद्या मूळ संख्येच्या व्यस्ताचे आवर्तन नऊ अंकांत किंवा नऊच्या विभाजकाइतक्या अंकांत पूर्ण होत असेल, तर ती संख्या ९९९९९९९९९ ला भागते. आणि ही संख्या १११११११११ च्या नऊपट आहे. विशेष म्हणजे लांबी १ चे आवर्तन असलेली ३ ही एकमेव मूळ संख्या आहे, लांबी ३ ची ३७ ही एकमेव, आणि लांबी ९ ची ३३३६६७ ही एकमेव. अशा मूळ संख्यांना ‘अनन्य मूळ संख्या’ म्हणतात. प्रस्तुत संख्येचे तिन्ही मूळ अवयव या विरळ वर्गातील आहेत. तिचे दशमान लेखन व तिचे अवयव यांना जोडणारा दुवा येथे सापडतो.

हर्षद संख्या व कापरेकर संख्या

जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते, तिला कापरेकरांनी ‘हर्षद संख्या’ असे नाव दिले. प्रस्तुत संख्येच्या अंकांची बेरीज ८१ असून तिला ८१ ने भागल्यास १५२४१५७८९९७१०४१ हा पूर्ण भागाकार येतो. म्हणून ती हर्षद संख्या आहे. पहिल्या नऊ अद्भुत डेम्लो संख्यांपैकी फक्त पहिली, तिसरी व नववी या तीनच हर्षद आहेत.

एखाद्या संख्येच्या वर्गाचे दोन भाग पाडून त्यांची बेरीज केल्यावर मूळ संख्या परत मिळत असेल, तर तिला ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. उदाहरणार्थ, ४५ चा वर्ग २०२५ आणि २० + २५ = ४५. प्रस्तुत संख्येचे उजवीकडून नऊ अंक तोडून बेरीज केल्यास १२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९ मिळतात. हे तिचे वर्गमूळ नाही, म्हणून १११११११११ ही कापरेकर संख्या ठरत नाही. मात्र ९९९९९९९९९ ही स्वतः कापरेकर संख्या आहे, कारण तिचा वर्ग ९९९९९९९९८००००००००१ आहे व ९९९९९९९९८ + १ = ९९९९९९९९९. हाच वर्ग प्रस्तुत संख्येच्या ८१ पट आहे.

पायथागोरसचे त्रिकूट

३७ या मूळ संख्येला ४ ने भागल्यास १ उरतो, म्हणून तिचा वर्ग दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात लिहिता येतो : १२ चा वर्ग + ३५ चा वर्ग = ३७ चा वर्ग. या तिन्ही संख्यांना ३००३००३ ने गुणल्यास पुढील त्रिकूट मिळते :

३६०३६०३६ चा वर्ग + १०५१०५१०५ चा वर्ग = १११११११११ चा वर्ग

३ व ३३३६६७ या दोन्ही अवयवांना ४ ने भागल्यास ३ उरतात. त्यामुळे दोन धन पूर्णांकांच्या वर्गांची बेरीज म्हणून प्रस्तुत संख्या लिहिण्याचा हा एकमेव प्रकार आहे.

दहाव्या पायरीवरील बदल

दहा वेळा १ लिहून होणाऱ्या संख्येचा वर्ग करताना मधल्या स्तंभाची बेरीज १० होते. तेथे ० लिहून १ हातचा घ्यावा लागतो. तो डावीकडील ९ मध्ये मिळवल्यावर पुन्हा १० होतात, आणि दुसरा हातचा पुढील ८ मध्ये मिळून त्याचा ९ होतो. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे येते. सममिती मोडते, डाव्या बाजूचा ८ नाहीसा होतो, अंकांची बेरीज ८२ होते व संख्या हर्षद राहत नाही.

यापुढे कोणत्याही रेप्युनिटचा वर्ग पॅलिंड्रोम होत नाही. दहा किंवा अधिक एकांच्या संख्येच्या वर्गाचे शेवटचे आठ अंक ८७६५४३२१ असतात, तर सुरुवातीचे आठ अंक १२३४५६७९ असतात; सममितीसाठी ते १२३४५६७८ असणे आवश्यक होते. सुरुवातीचे हे अंक १ ÷ ८१ = ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… या आवर्ती दशांशातील आहेत. १२३४५६७९ मधून ८ गळण्याचे कारणही तेच आहे.

सममिती मोडते त्याच ठिकाणी दुसरा गुणधर्म प्रकट होतो. दहाव्या वर्गाचे उजवीकडून दहा अंक तोडून बेरीज केल्यास १२३४५६७९० + ०९८७६५४३२१ = ११११११११११ असे वर्गमूळच परत मिळते. म्हणजे दहा एकांची संख्या ही कापरेकर संख्या आहे.

गणकयंत्रे व संगणक

ही संख्या सतरा अंकी असल्याने दहा किंवा बारा अंकी साध्या गणकयंत्रावर पूर्ण दिसत नाही. एक्सेलसारख्या स्प्रेडशीटमध्ये पंधराच सार्थ अंक राखले जात असल्याने ती १२३४५६७८९८७६५४३०० अशी उमटते. संगणकातील प्रचलित ६४ बिटी फ्लोटिंग-पॉइंट मांडणीत ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढील विषम पूर्णांक अचूक साठवता येत नाहीत. प्रस्तुत संख्या त्या मर्यादेपलीकडची व विषम असल्याने तेथे तिची नोंद १२३४५६७८९८७६५४३२० अशी होते व शेवटचा १ हरवतो. कागदावरील उभ्या मांडणीत मात्र हेच उत्तर एकही हातचा न घेता अचूक मिळते.

मूल्यमापन

अद्भुत डेम्लो संख्या हा रंजक गणिताचा विषय मानला जातो. कापरेकरांच्या या प्रकारच्या कामाकडे समकालीन भारतीय गणितज्ञांपैकी अनेकांनी क्षुल्लक म्हणून पाहिले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. त्यांचे बरेचसे लेखन लहान नियतकालिकांत किंवा स्वखर्चाने प्रसिद्ध झाले. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिल्यानंतर त्यांचे नाव जगभर पोहोचले. ६१७४ हा कापरेकर स्थिरांक, स्वयंभू संख्या व हर्षद संख्या या त्यांच्या कल्पनांवर पुढे अनेक देशांत काम झाले.

शालेय अध्यापनाच्या दृष्टीने या संख्येचे महत्त्व दुहेरी आहे. नऊ उदाहरणांत अचूक आढळलेला नियम दहाव्या उदाहरणात मोडतो, त्यामुळे निरीक्षण व सिद्धता यांतील फरक समजावण्यास ती उपयुक्त ठरते. शिवाय नियम का टिकतो व कोठे मोडतो, याचे उत्तर हातच्याच्या बेरजेइतक्या प्राथमिक ज्ञानातून मिळते. त्यासाठी उच्च गणिताची आवश्यकता नाही.

हेही पाहा

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर
कापरेकर स्थिरांक
कापरेकर संख्या
हर्षद संख्या
स्वयंभू संख्या
महावीराचार्य
लीलावती